बाळाच्या अंगावरची गाठ : वेळेवर ओळखू, उपचार पुरते करू

(देवळाली कॅम्प व आसपासच्या गावांतील महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



देवळाली कॅम्प, भगूर, लहवित, संसारी, नाणेगाव, शिंगवे बहुला आणि दारणाकाठच्या सगळ्या गावांतल्या माझ्या बहिणींना, वहिनींना आणि आज्यांना नमस्कार. आशाताई आणि अंगणवाडीताई ऐकत असतील तर त्यांना खास नमस्कार, कारण आजच्या विषयात त्यांचं काम मोठं आहे.

माझी सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून झाली. तिथं सर्दी-खोकला, जुलाब, न्यूमोनिया हे रोजचं. पण कधीतरी एखादी आई बाळाला कडेवर घेऊन यायची आणि हळूच म्हणायची, "सिस्टर, याच्या इथं गाठ लागतेय." आज मी त्या गाठींबद्दल बोलणार आहे. डॉक्टरी भाषेत त्यांना 'जर्म सेल ट्यूमर' म्हणतात. मराठीत आपण बीजपेशींच्या गाठी म्हणू.

हा आजार दुर्मीळ आहे. शंभर मुलांना कॅन्सर झाला, तर त्यांतल्या साधारण तिघांना या जातीचा असतो. मग बचत गटाच्या बायांनी तो का ऐकायचा? दोन कारणं आहेत. एक, हा आजार बरा होणारा आहे. चांगले उपचार मिळतात त्या देशांत असा आजार झालेल्या शंभरातली नव्वदहून जास्त मुलं बरी होतात. आणि दुसरं, ही गाठ पहिल्यांदा डॉक्टरला दिसत नाही. ती दिसते बाळाला न्हाऊ घालणाऱ्या हाताला. म्हणजे आपल्याला.

आता ही गाठ येते कुठून ते समजून घेऊ. बाळ पोटात अगदी काही आठवड्यांचं असतं, तेव्हाच त्याच्या अंगात बीजपेशी तयार होतात. पुढं मुलीत स्त्रीबीज आणि मुलात शुक्राणू याच पेशींतून होतात. पण या पेशी तयार होतात एका जागी आणि त्यांना पोचायचं असतं दुसऱ्या जागी. दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, नाशिकवरून पुढं पंढरपूरला जाते. तसा या पेशींचाही प्रवास असतो. अंगाच्या मधोमध चालत त्या मुलीच्या अंडाशयात आणि मुलाच्या वृषणात पोचतात. वारीत जसा एखादा मागं राहतो, वाट चुकतो, तशा काही पेशी वाटेत राहून जातात. पुढं त्या वाढायला लागल्या की गाठ होते. म्हणून ही गाठ बहुतेक वेळा अंगाच्या मधल्या रेघेवर सापडते : पाठीच्या खाली माकडहाडापाशी, पोटात, छातीत, क्वचित डोक्यात. आणि ज्या पेशी मुक्कामी पोचल्या त्यांच्यातही बिघाड होऊ शकतो, तेव्हा गाठ अंडाशयात किंवा वृषणात होते.

यातल्या पुष्कळ गाठी साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. काही कॅन्सरच्या असतात. आणि काही आधी साध्या असतात, पण तशाच ठेवल्या तर बिघडतात. बाहेरून हात लावून कुणालाच हे ओळखता येत नाही. मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते. आईनं ग्रहण पाळलं नाही, काही चुकीचं खाल्लं, कुणाची नजर लागली, यातल्या कशानंही ही गाठ होत नाही. ती संसर्गानं लागत नाही. बाळाला दूध पाजायला, दुसऱ्या मुलांबरोबर खेळवायला काही हरकत नसते. घरात सुनेला बोल लावणारं कुणी असेल, तर त्यांना एवढं नक्की ऐकवा.

या गाठींपैकी एका प्रकाराला 'टेराटोमा' म्हणतात. बीजपेशींत शरीराचा कुठलाही भाग बनवायची ताकद असते, त्यामुळं या गाठीत कधी केस, कधी चरबी, कधी हाडाचा तुकडा किंवा दात सापडतो. ऐकून अंगावर काटा येतो, आणि गावात लगेच कुजबुज सुरू होते. 2025 च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या शासकीय रुग्णालयात एका गरोदर बाईची सोनोग्राफी करताना डॉक्टरांना पोटातल्या बाळाच्या पोटात गर्भासारखी वाढ दिसली. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. बाळ जन्मल्यावर अमरावतीला शस्त्रक्रिया करून ती वाढ काढली. याला 'गर्भातला गर्भ' म्हणतात आणि तो साधारण पाच लाख बाळंतपणांत एकदा दिसतो. तो अर्धवट वाढलेला जुळा, की टेराटोमाचाच फार पुढं गेलेला प्रकार, यावर तज्ज्ञांत अजून दोन मतं आहेत. पण करणी नाही, शाप नाही, याबद्दल एकच मत आहे. सरकारी दवाखान्यात गर्भारपणातच निदान झालं आणि सरकारी दवाखान्यातच शस्त्रक्रिया झाली. आपण बातमीतलं नवल विसरलो तरी एवढं लक्षात ठेवलं पाहिजे.

आता एकेक जागा घेऊ. पहिली जागा माकडहाड.

नवजात बाळांत ही गाठ सगळ्यांत जास्त इथं होते. साधारण 35 ते 40 हजार बाळांत एकाला. आपल्या महाराष्ट्रात वर्षाला सुमारे अठरा-वीस लाख बाळं जन्मतात, म्हणजे हिशेब केला तर पन्नासच्या आसपास बाळं. मुलांपेक्षा मुलींमध्ये तीन-चार पट जास्त. कधी गाठ लिंबाएवढी असते, कधी बाळाच्या डोक्याएवढी. अशी मोठी गाठ पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दिसू शकते. म्हणून ती तपासणी चुकवू नका. मुलगा की मुलगी हे विचारायची ती जागा नव्हे, तो गुन्हा आहे. विचारायचं ते एवढंच : "बाळाचे सगळे अवयव नीट आहेत ना?" गाठ दिसली तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं, जिथं लहान मुलांचे सर्जन आहेत. कारण मोठी गाठ बाळंत होताना फुटली तर रक्तस्राव होतो आणि बाळ दगावू शकतं.

पण काही गाठी बाहेर दिसतच नाहीत. त्या आतल्या बाजूला, कटीच्या पोकळीत वाढतात. बाळ चांगलं दिसतं, हसतं-खेळतं. मग सहा महिन्यांनी, वर्षानं, दीड वर्षानं त्याला शौचाला त्रास सुरू होतो. कुंथतं, रडतं, शी चपटी होते, लघवी अडते किंवा थेंब थेंब होते, पाय ओढत चालतं. घरात मनुकांचं पाणी, एरंडेल, ओवा सगळं करून होतं. मैत्रिणींनो, बहुतेक बाळांचा मलावरोध साधाच असतो. पण औषध देऊनही तो महिनाभर हटला नाही, किंवा त्याबरोबर लघवीही अडायला लागली, तर डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "आतून तपासून बघा, सोनोग्राफी करू का?" गुदद्वारातून बोटानं तपासलं की ही गाठ पुष्कळदा हाताला लागते. एका मिनिटाची तपासणी आहे.

इथं वेळेचं महत्त्व फार आहे. जन्मल्यावर लगेच काढलेल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. दोन-चार महिने गेले की कॅन्सर निघण्याचं प्रमाण झपाट्यानं वाढतं. म्हणून "जरा मोठं होऊ द्या, अंगानं भरू द्या, मग बघू" हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला इथं चालत नाही. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर माकडहाडही काढावं लागतं. हे ऐकून आयांचा जीव घाबरा होतो. पण गेल्या शतकाच्या मध्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं की माकडहाड तसंच ठेवलं, तर तीनातल्या एका बाळाला गाठ पुन्हा येते. माकडहाड काढल्यानं बाळाचं बसणं, चालणं, पळणं काही अडत नाही.

पाठीवरची प्रत्येक गाठ ही नसते, हेही सांगते. कमरेखाली लहानशी खळी बऱ्याच बाळांना असते आणि बहुधा ती निरुपद्रवी असते. मणक्याच्या दोषामुळंही पाठीवर पाण्याच्या पिशवीसारखी गाठ असते, तिचे उपचार वेगळे. ओळखायचं काम डॉक्टरांचं. आपलं काम दाखवायचं. तोवर गाठीवर मालीश नको, शेक नको, बिब्बा नको, डाग तर मुळीच नको.

दुसरी जागा, मुलग्यांचं वृषण. बोलायला संकोच वाटतो, पण रेडिओवर आपण बाया-बायाच आहोत. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या एका बाजूचा गोळा मोठा, कडक, दगडासारखा लागतो, आणि दाबलं तरी बाळ रडत नाही. दुखत नाही, म्हणूनच घरचे थांबतात. बहुतेक वेळा ती सूज पाणी भरल्याची किंवा हर्नियाची असते, त्याला घाबरायचं कारण नाही. पण दुखत नाही म्हणून ती साधी, असा अर्थ होत नाही. सोनोग्राफीत फरक कळतो.

याची शस्त्रक्रिया करताना चीर जांघेत घेतात, खालच्या पिशवीवर घेत नाहीत. त्या पिशवीत सुई घालून तुकडाही काढायचा नसतो, कारण गाठीच्या पेशी बाहेर सांडून आजार पसरू शकतो. म्हणून गाठीची शंका असेल तर लहान मुलांच्या सर्जनकडेच जावं. लहान वयात गाठ वृषणापुरती असेल आणि पुरती काढली गेली, तर पुष्कळ मुलांना केमोची गरजही पडत नाही, नुसत्या रक्ततपासण्या करत राहावं लागतं. आणि एक वृषण काढलं तरी दुसऱ्यावर मुलाचं पुढचं आयुष्य, लग्न, मुलंबाळं, सगळं होऊ शकतं.

याच जागेबद्दल आणखी एक. जन्मलेल्या मुलाचे दोन्ही गोळे खाली उतरलेत का, हे बघा. सहा महिन्यांपर्यंत ते आपोआप उतरू शकतात. त्यानंतरही एक वर राहिला असेल, तर वर्ष-दीड वर्षाच्या आत छोटी शस्त्रक्रिया करून तो खाली आणतात. वर राहिलेल्या वृषणात मोठेपणी गाठ होण्याचा धोका जास्त असतो.

तिसरी जागा, मुलींचं अंडाशय. ही गाठ शाळकरी आणि वयात येणाऱ्या मुलींत जास्त दिसते. पोट फुगतं, जड वाटतं, ओटीपोटात कळ येते. कधी गाठीला पीळ पडतो आणि एकाएकी असह्य दुखतं, उलट्या होतात. तेव्हा रात्र असली तरी थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा.

आता मी जे सांगते ते नीट ऐका. यातल्या काही गाठी 'एचसीजी' नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. गरोदर बाईच्या लघवीच्या तपासणीत जे सापडतं, तेच हे द्रव्य. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरीचं पोट वाढतंय, पाळी आलेली नाही किंवा चुकलीय, आणि दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तरी ती गरोदर असेलच असं नाही. तिच्या पोटात गाठ असू शकते. समजा अशा घरात पट्टी बघून पोरीला मारहाण झाली, शाळा सुटली, घाईनं कुणा भोंदूकडं नेलं, तर काय होईल? गाठ वाढत राहील आणि पोर हातची जाईल. म्हणून पट्टीवर विसंबून निवाडा करायचा नाही. आधी सोनोग्राफी. आणि निकाल काहीही निघो, पोरीला आधार लागतो, शिक्षा नाही.

अंडाशयाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी राखायचा प्रयत्न करतात, आणि ते बहुतेक वेळा जमतं. शस्त्रक्रियेआधी हे विचारायला लाजू नका : "दुसरी बाजू आणि पिशवी राहील ना?"

बाकीच्या जागा थोडक्यात. दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलीच्या लघवीच्या जागेतून रक्त आलं, तर लगेच दाखवा. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात आईच्या संप्रेरकांमुळं दोन-चार थेंब येतात, ते चालतं, पण त्यानंतर नाही. छातीतली गाठ असेल तर न हटणारा खोकला, झोपल्यावर धाप. डोक्यातली असेल तर सकाळी डोकेदुखी आणि उलटी, नजर वर न जाणं, फार तहान आणि फार लघवी, किंवा लहान वयातच वयात आल्याची लक्षणं. एकेक लक्षण दुसऱ्या साध्या आजारातही असतं. ते टिकून राहिलं, वाढत गेलं, तर दाखवायचं.

दवाखान्यात काय होतं ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. आधी सोनोग्राफी. मग रक्ताची तपासणी, तिचं नाव 'एएफपी', अल्फा फीटो प्रोटीन. बरोबर एचसीजीही बघतात. मग सीटी स्कॅन किंवा एमआरआय, आणि आजार फुप्फुसात गेलाय का ते पाहायला छातीची तपासणी.

हे एएफपी समजून घेण्यासारखं आहे. कॅन्सरच्या काही बीजपेशी गाठी ते भरपूर बनवतात. पण पोटातलं बाळही ते बनवतंच. त्यामुळं नवजात बाळाचा आकडा मुळातच काही हजारांत, दहा-दहा हजारांत असतो. तो उतरत उतरत आठ महिने ते वर्षभरात मोठ्या माणसाइतका, म्हणजे दहाच्या खाली येतो. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र मोठ्या माणसांचं प्रमाण छापलेलं असतं. महिन्याच्या बाळाचा रिपोर्ट तांबड्या अक्षरांत आला की आई-बाप तिथंच मटकन बसतात. म्हणून हा आकडा बाळाच्या वयाशी ताडूनच वाचायचा, आणि तो लहान मुलांच्या डॉक्टरांनीच वाचायचा.

गाठ पूर्ण निघाली की हे एएफपी साधारण दर पाच ते सात दिवसांनी निम्मं होतं. आठ हजार असेल तर आठवड्यानं चार हजार, मग दोन हजार, मग एक हजार, मग पाचशे. आपण गटाच्या वहीत कर्जाचा हप्ता मांडतो ना, तसंच एक पान करा. तारीख लिहा, समोर आकडा लिहा. आकडा उतरतोय तोवर ठीक. उतरायचा थांबला किंवा चढला, तर कुठंतरी बाकी शिल्लक आहे. ही वही प्रत्येक खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा. मुंबईतले डॉक्टर बदलले, फाईल गहाळ झाली, तरी तुमची वही बोलेल.

उपचार दोन : शस्त्रक्रिया आणि केमो. साध्या गाठीला शस्त्रक्रिया पुरते. कॅन्सरची गाठ मोठी असेल, आजूबाजूला चिकटली असेल, तर आधी केमो देऊन ती लहान करतात आणि मग काढतात. तेव्हा "डॉक्टर ऑपरेशन लांबवतात" असं वाटून दवाखाना बदलू नका.

केमोमधलं मुख्य औषध सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. दोन्ही प्लॅटिनम धातूपासून बनतात, ज्याच्या अंगठ्या सराफाकडं मिळतात. 1965 साली बार्नेट रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला जंतूंवर विजेचा प्रयोग करताना दिसलं की प्लॅटिनममुळं जंतूंचं विभाजन थांबतंय. त्यातून हे औषध निघालं आणि 1978 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या बीजपेशी गाठीची बहुतेक मुलं दगावत. आज आजार फुप्फुसात पोचलेला असला तरी बरीचशी मुलं वाचतात. म्हणून कुणी "चौथ्या टप्प्यात आहे, आता काय उपयोग" म्हटलं, तर मोठ्यांच्या कॅन्सरचा हिशेब लहान मुलाला लावू नका.

प्लॅटिनमच्या औषधाबरोबर इटोपोसाइड आणि ब्लिओमायसिन ही औषधं देतात. साधारण दर तीन आठवड्यांनी एक फेरी, बहुधा तीन-चार फेऱ्या, कधी थोड्या जास्त. केस गळतात, पुन्हा येतात. उलट्या होतात, त्याला औषध आहे. सिसप्लॅटिननं कान आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते, म्हणून मधून मधून ऐकण्याची तपासणी करतात. बाळ हाक मारल्यावर वळत नसेल तर डॉक्टरांना सांगा. ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, म्हणून धाप लागली तर सांगा.

केमो चालू असताना घरी एकच नियम घड्याळासारखा पाळा. ताप आला की दवाखाना. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, अंगात लढायची ताकद नसते, आणि काही तासांत बाळ हातचं जाऊ शकतं. घरी गोळी देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. बाळाला ताजं शिजवलेलं अन्न, उकळून गार केलेलं पाणी, प्रत्येकाचे हात साबणानं धुतलेले. लस द्यायची की थांबायचं, हे डॉक्टरांना विचारून. आणि केमोबरोबर कुठलंही जडीबुटीचं औषध त्यांना न सांगता द्यायचं नाही.

सगळ्यांत मोठा धोका कुठला म्हणाल, तर उपचार अर्धवट सोडणं. दोन फेऱ्या झाल्या की गाठ विरघळते, बाळ खायला लागतं, सगळ्यांना वाटतं झालं बरं. तिकडं शेतात कांदा काढणीला आलेला असतो, पैसे संपलेले असतात, सासरे म्हणतात आता पुरे. आणि राहिलेल्या पेशी पुन्हा उठतात, तेव्हा त्या औषधाला पहिल्यासारख्या दाद देत नाहीत. शेतात तण वरवर कापलं आणि मूळ ठेवलं तर काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगावं? उपचार संपल्यावरही पहिली दोन-तीन वर्षं तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, कारण आजार उलटलाच तर बहुधा याच काळात उलटतो. माकडहाडाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या शौच-लघवीवरही लक्ष ठेवायचं.

आता जायचं कुठं? एके काळी देवळालीची कोरडी, चांगली हवा म्हणून क्षयाचे रोगी बाहेरून इथल्या सॅनेटोरियममध्ये यायचे. या आजारासाठी मात्र आपल्याला इथून पुढं जावं लागतं. आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कॅम्पातला छावणी परिषदेचा दवाखाना. तिथून नाशिकचं जिल्हा रुग्णालय किंवा विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. मोठे उपचार लागले तर मुंबई. परळला 1941 पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, तिथं मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे. लहान मुलांचं वाडिया रुग्णालयही परळलाच आहे. नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली तर साडेतीन-चार तासांत दादर.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला भेटा. रेशन कार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवा. चौकशीचा फोन 155388. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात, तेही विचारा. टाटा रुग्णालयात मुलांच्या कुटुंबांना पैसा, राहणं, जेवण, समुपदेशन यासाठी 'इम्पॅक्ट फाउंडेशन' मदत करतं. 2006 साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था कॅन्सर झालेल्या मुलांना आई-वडिलांसह मोफत राहायला जागा देते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला प्रवास-सवलत मिळते, दवाखान्याचा दाखला मागून घ्या.

आशाताई, तुम्ही दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाता. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्यानं घालून दिली. त्या भेटीत एकदा तरी बाळाचं लंगोट सोडून, पालथं करून बघा. अंगणवाडीताई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, शाळेत एकदा. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला. पथक येणार असेल त्या दिवशी गैरहजर पोरांच्या आयांना आदल्या दिवशी निरोप धाडा.

आणि आपण सगळ्या? आंघोळ घालताना आठवड्यातून एकदा पाच गोष्टी बघायच्या. पाठीच्या खाली, दोन कुल्ल्यांच्या मध्ये फुगवटा आहे का. पोटाला हलका हात लावल्यावर काही कडक लागतं का. मुलाचे दोन्ही गोळे खाली आणि सारखे आहेत का. मुलीच्या लंगोटावर रक्त आहे का. शौच-लघवी नीट होते का. पाच मिनिटांचं काम आहे. काही सापडलं तर त्याच आठवड्यात दवाखाना.

गटाकडून एवढं व्हावं. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. अशा घराला तातडीचं कर्ज द्यायचा ठराव आधीच करून ठेवा, कारण वेळ आल्यावर सह्या गोळा करत बसायला सवड नसते. बाळाला घेऊन आई मुंबईला गेली तर तिची घरची पोरं, गाय-म्हैस, कुणी दोघींनी वाटून घ्या. आणि ती परत आल्यावर "अजून जगलंय का" असं तोंडावर विचारणाऱ्या बाईला गप्प करा. बाळाचं डोकं केस गळून गुळगुळीत झालेलं असेल, पण ते खेळायला आलेलं असतं. आपल्या पोरांना त्याच्याबरोबर खेळायला पाठवा, तेवढे हात धुऊन.

मैत्रिणींनो, शंभरातल्या नव्व्याण्णव गाठी साध्याच निघोत. दाखवायला गेलात आणि डॉक्टर म्हणाले "काही नाही, घरी जा", तर त्या फेरीचे पैसे वाया गेले असं मानू नका. ज्या एका घरी काही निघेल, तिथं वेळेवर गेलेलं बाळ पुढच्या वर्षी अंगणवाडीत बसलेलं असेल.

तुमचे प्रश्न असतील ते गटाच्या ताईंकडं लिहून द्या, पुढच्या खेपेला मी उत्तरं देईन. सांभाळून राहा, पोराबाळांना सांभाळा.